सातवी खाच

बस नंदुरबार सोडून मिरच्यांच्या पथाऱ्यांपाशी आली तोवर सिंधुबाईनं गळ्यातलं कार्ड एकदा वाचून काढलं होतं, आणि आता ती ते दुसऱ्यांदा वाचत होती, पहिल्यांदा आपलंच काही चुकलं असेल म्हणून. तिचं वाचणं बोट ठेवून. शाळा दुसरीपर्यंत, तिसरीच्या आधी बापानं गुरांमागं काढून घेतलेली. एक अक्षर ओळखायचं, त्याला काना-मात्रा जोडायची, ते ओठांत धरून ठेवायचं आणि पुढच्याला हात घालायचा. तिच्यानं शब्द व्हायचा, पण वाटेत बराच वेळ जायचा. वर मोठ्या अक्षरांत नाव होतं, सिंधुबाई भिला पाटील. खाली लेकाचा, नवनीतचा, फोन नंबर. एवढं सगळ्यांच्याच कार्डावर होतं. शेजारी खिडकीला बसलेले रिटायर मास्तर, हेमकांत सर, त्यांचं कार्ड तिनं मान वाकडी करून पाहून घेतलं होतं, त्यावर नाव नि नंबर, बास. तिच्या कार्डावर मात्र खाली आणखी दोन ओळी होत्या, मुंग्यांसारख्या बारीक. आजींना विसरण्याचा त्रास आहे. एकट्या दिसल्यास वरील नंबरवर कळवावे. 'कळवावे'पाशी ती दोन्ही वेळा थांबली. हरवलेल्या म्हशीची खबर द्यायची असते तसं. आणि सकाळी साडेपाचला सुनेनं, चारुलतानं, ती फीत गळ्यात घालताना पदर नीट करून म्हटलं होतं, "आई, हे काढायचं नाही बरं का, सगळ्यांनाच आहे." सिंधुबाई मेली खुळी, तिला वाटलं सभेत पाहुण्यांना बिल्ला लावतात तसलं काही. तिनं ते मुद्दाम पदराच्या वर काढून ठेवलं होतं. म्हणजे कॉलनीच्या फाटकापासून चढणाऱ्या प्रत्येकानं ते वाचलं होतं आणि म्हणूनच तो हसरा चेहरा करून "या, या आजी" म्हणत होता. सुनेला एकच गोष्ट ठाऊक नव्हती, की सासूला वाचता येतं. तीस वर्षं एका घरात राहून ठाऊक नव्हती. सिंधुबाईनं कधी दाखवलं नव्हतं, आणि हिनं कधी विचारलं नव्हतं.

तिनं कार्ड पदराखाली ढकललं. बाहेर दोन्ही अंगांना शेतंच्या शेतं लाल झाली होती, ओल्या मिरच्या उन्हाला घातलेल्या, त्यांत फडकी बांधलेल्या बाया वाकून पाय फिरवत होत्या. बसमधली निम्मी माणसं मोबाईल काढून त्या काचेला चिकटली आणि निम्मी शिंकायला लागली. पुढं दांडीला धरून उभी असलेली गाईड पोरगी, मयूरी, माईकमध्ये म्हणाली की हा आपल्या जिल्ह्याचा लाल गालिचा आहे. गालिचा. सिंधुबाईच्या नाकात मिरचीचा खकाणा गेला आणि डोळ्यांत पाणी आलं, ते पुसताना हेमकांत सरांनी तिच्याकडं अशा मायेनं पाहिलं की तिला त्यांचा चष्मा ओढून खिडकीबाहेर टाकावासा वाटला. "मिरची शे हाई," ती म्हणाली, "रडी नही ऱ्हायनू मी." सर म्हणाले, "हो हो, तेच." हे 'हो हो' तिच्या ओळखीचं होतं. दवाखान्यातल्या त्या गोऱ्या डॉक्टरणीचं होतं. आज वार कोणता, आजी? महिना कोणता? आता या कागदावर मला एक घड्याळ काढून दाखवा, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं. सिंधुबाईनं पेन्सिल हातात घेतली, भाकरीसारखा गोल काढला आणि बसून राहिली. काटे कुठून काढायचे? जन्मात घड्याळ बघून एक काम केलं नाही. सावली ओट्यावरून उतरली की चहा, जोत्याला लागली की गुरं. चाळीस एकराचं रान, आठ गडी, केळीच्या घडांची पंचायत, त्यातलं काहीही विचारलं असतं तर सांगितलं असतं, कोणत्या बैलाला कोणत्या पायाला खोड होती तेही. पण डॉक्टरणीला पाहिजे होतं घड्याळ. ती कागदावर काहीतरी लिहीत "हो हो, राहू द्या" म्हणाली, आणि नवनीतनं तेव्हापासून गॅसचं बटण वरून काढून ठेवायला सुरुवात केली. बरं, मागच्या महिन्यात लिफ्टमधून दुसऱ्याच बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर गेली आणि त्या घरच्या बाईशी भांडली, मन्हा दारले कुलूप कोनी लावं म्हणून, हे खरं. पण तिन्ही बिल्डिंगी एका साच्यातल्या विटांसारख्या. त्यात हरवायला विसरावं कशाला लागतं? जे कधी आलंच नाही ते विसरलं कसं म्हणायचं, हा तिचा प्रश्न होता, आणि तो कोणाला विचारला की समोरून 'हो हो' येत होतं.

ती या सहलीला आली होती ती डोंगर बघायला नव्हे. नवनीतनं चहा पिता पिता कॉलनीच्या ज्येष्ठ मंडळाचा कागद वाचून दाखवला होता: एक दिवसाची सहल, सोबत गाईड, प्रकाशाचा संगम, वडाळदे येथील प्राचीन वीरशिळा, उनपदेवचे गरम झरे, तोरणमाळ. "वडाळदे?" ती म्हणाली. "मन्ह सासर?" नवनीत हसला, म्हणाला, "हां माय, तुझ्या गावाला आता टुरिस्ट येतात. तो दगड आहे ना मंदिराजवळचा, सात खाचांचा. सात वीरांनी लढाईला जाताना तलवारी घासल्या म्हणे त्याच्यावर." सिंधुबाई त्या दिवशी भाकरी थापता थापता एकटीच हसत होती आणि चारुलता ते दारातून बघत होती, डॉक्टरणीला सांगायला एक गोष्ट मिळाली म्हणून. कारण तो दगड कसला ते या पृथ्वीवर आता एकट्या सिंधुबाईला माहीत होतं; पाणी ओढणाऱ्या बाकीच्या गेल्या होत्या, आणि नवनीत लहानपणापासून शिकायला बाहेर. तो जुन्या वडाळद्याच्या विहिरीचा काठ होता. हात-दीड हात रुंद, पुरुषभर लांब, काळा, आणि त्याच्यावरच्या खाचा दोरांनी पाडलेल्या. पिढ्यान् पिढ्या बायांनी पाणी ओढलं, अंबाडीचा ओला दोर, त्याला चिकटलेली रेती, एकाच जागी वर-खाली, वर-खाली. त्या विहिरीवर सहा घरांचा मान होता आणि ज्या त्या घराची खाच ठरलेली. नवी सून आली की सासू तिला पहिल्या सकाळी काठावर न्यायची, खाचेला हळद-कुंकू लावायची आणि सुनेचा हात धरून तिची बोटं त्या खाचेत ठेवायची. "हाई आपली." दुसरीच्या खाचेत दोर टाकला तर भांडण तीन पिढ्या पुरायचं. नवऱ्याचं तोंड नीट पाहायच्या आधी सिंधुबाईनं ती खाच पाहिली होती, गार, गुळगुळीत, आतून गाईच्या शिंगासारखी वाटलेली. पंधरा वर्षांची होती. पुढं नळ आले, मग नदीवर बंधारा झाला, पाणी चढायला लागलं आणि खालचं गाव वर टेकाडावर हललं. पुरुषांनी देव नेले, चौकटी नेल्या, वासे नेले. विहीर कोण नेतो? रस्त्याच्या कामाचा ठेकेदार घडीव दगड फोडून खडी करत सुटला होता. तेव्हा सिंधुबाईनं आपल्या सालदाराला, दगाला, बैलगाडी घेऊन पाठवलं, तो दगड वर आणवला, महादेवाच्या देवळाशेजारी टाकला, आणि रातोरात कोणी फोडू नये म्हणून त्याला तेलात कालवून शेंदूर फासला. शेंदूर बघितला की ठेकेदाराचा मुकादम हात जोडून मागं सरला. काय अक्कल चालवली होती. भिलाजी, तिचा नवरा, जिवंत असेस्तोवर हसायचा, म्हणायचा, "तू देव करा, मी काय करू, चाल पाया पडस." आता त्या अकलेला तलवारी फुटल्या होत्या. तिला तिथं जायचं होतं, बोट ठेवून सांगायचं होतं, ही कोणाची, ती कोणाची, या सगळ्या शिकलेल्यांसमोर. एकदा तरी तिच्या तोंडून निघालेलं ऐकून कोणीतरी 'हो हो' न म्हणता गप्प बसावं.

म्हणून प्रकाशाला सगळे घाट उतरत होते तेव्हा ती पायरीवर बसून बोटांवर मोजत होती. पहिली कौतिकबाईची. दुसरी झेलाबाईची, जिचा दोर नेहमी आखूड. तिसरी नर्मदाबाईची, चौथी ठगुबाईची, पाचवी बेबीबाईची, जी पाणी कमी ओढायची नि बोलायची जास्त. सहावी आपली, काठाच्या टोकाला. सहा झाली आणि सातवं बोट मोकळं राहिलं. कागदावर सात लिहिलेलं होतं. तिनं पुन्हा धरलं. कौतिकबाई, झेलाबाई, नर्मदाबाई, ठगुबाई, बेबीबाई, आपण. सहा. पुढं संगमाचं पाणी बंधाऱ्यानं फुगून गप्प पडलं होतं, त्यावर झेंडूच्या माळा एका जागी गोल फिरत होत्या. मयूरी माईकमधून दक्षिणकाशीचं महत्त्व सांगत होती. सहा घरं होती. सातवं घर नव्हतंच. मग सातवी खाच कोणाची? नवनीतनं सात म्हटलं होतं की तिनं ऐकलं होतं? तिनं हेमकांत सरांना कागद मागितला. "काय पाहिजे आजी, मी वाचून दाखवतो ना." त्यांनी मोठ्यानं, तोंड उघडून वाचलं, बहिऱ्याला सांगतात तसं. सात खाचा. सात वीर. म्हणजे सात होत्या, आणि त्यातली एक तिच्या डोक्यातून गळाली होती. पदराखालचं कार्ड छातीला टोचलं. तिला आठवलं की परवा चारुलताचं माहेरचं आडनाव तिला अर्धा दिवस सापडलं नव्हतं. तिनं घाटाच्या दगडावर नखानं सहा रेघा मारल्या, उमटल्या नाहीत.

बसमध्ये बसताना मयूरी म्हणाली की उशीर झालाय, पोहे गरम यायला वेळ लागला, त्यामुळं वडाळदे परतताना करू. "परतताना कदी?" सिंधुबाईनं विचारलं. "संध्याकाळी आजी, नक्की." "दोन कोसवर शे ते." "हो आजी." "मी तठली शे." "हो का? अरे वा." आणि अरे वा म्हणून ती पुढं गेली, डोकी मोजत, बत्तीस. खिडकीतून वडाळद्याचा फाटा आला आणि गेला. उसाच्या ट्रॉल्या, केळीचे मळे, एका मळ्यात नवी ठिबकची काळी नळी, तिच्या बांधावरचा खैर अजून उभा होता का ते बघेस्तोवर बस पुढं. ड्रायव्हर गोपालला तिनं मागून आवाज दिला, "भो, पाच मिनट थांबी जा ना." त्यानं आरशातून मयूरीकडं पाहिलं, मयूरीनं मान हलवली. चाळीस एकराच्या मालकिणीनं तिच्याच शिवारातून जाणारी गाडी थांबवायला सांगितली होती आणि ती थांबली नव्हती. भिलाजीच्या काळी एसटी थांबायची.

उरलेला दिवस असाच गेला, तिच्या अंगावरून. उनपदेवला गोमुखातून गरम पाणी पडत होतं, बाया पाय सोडून बसल्या, एकमेकींच्या पाठीवर पाणी टाकू लागल्या. कोणीतरी सिंधुबाईला हाताला धरून न्यायला आली, ती म्हणाली, "मले पाय शेतस," तेव्हा ती बाई हिरमुसली आणि सिंधुबाईला तिचं हिरमुसणंही सोसवेना. घाटात सात वळणं की सात पायऱ्या म्हणत मयूरीनं सगळ्यांना देवाचं नाव घ्यायला लावलं. सात. आज सगळ्यांना सातच का सापडत होते. तोरणमाळला तळ्याकाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं फडकं सोडून ती बसली. भाकरी तिनं पहाटे स्वतः केली होती, नवनीतला उठवून, गॅसचं बटण बसवून घेऊन. ठेचा होता. हेमकांत सरांना अर्धी दिली, कारण समोर माणूस उपाशी बघवत नाही, आणि त्यांनी दोन घास खाऊन "हातचं अजून तसंच आहे हं आजी" म्हटलं, जणू इतर सगळं गेलं आणि हात तेवढे उरले. दुपारी सीताखाईच्या कठड्याला सगळे टेकले. खाली दरी धुरकट, समोर डोंगरामागं डोंगर, सागाची पानं वाळून पडलेली, कुठंतरी पाड्यावरून कोंबडा वेळ चुकून आरवत होता. मयूरीनं हात लांब करून म्हटलं, "आणि त्या बाजूला धडगाव." धडगाव म्हटल्याबरोबर सिंधुबाईच्या मानेवर काहीतरी सरकलं. कोणाचा तरी घामाचा, मोहाच्या तेलाचा वास आला, अगदी नाकाशी, आणि गेला. ती कठडा धरून उभी राहिली. धडगावशी तिचा काय संबंध, आयुष्यात एकदा गेली असेल, तीही जीपमध्ये ओकत. पण तो वास ओळखीचा होता आणि त्याला नाव नव्हतं, आणि आज नाव नसलेल्या प्रत्येक गोष्टीचं तिला भय वाटत होतं. कौतिकबाई, झेलाबाई, नर्मदाबाई. ती घाट उतरताना मोजत राहिली. प्रत्येक वळणाला सहा.

वडाळद्याला पोचायला ऊन कलून गेलं होतं. "फक्त दहा मिनिटं," मयूरी म्हणाली. नवं गाव सिमेंटचं, रंगीत, महादेवाच्या देवळाला फरशी बसवलेली, आणि शेजारी लोखंडी कठड्यात, पत्र्याच्या छपराखाली, तो आडवा. सिंधुबाई सगळ्यांच्या आधी उतरली होती पण पाय आखडल्यानं सगळ्यांच्या मागून पोचली. शेंदराचे थरावर थर चढून तो फुगला होता, लोण्याच्या गोळ्यासारखा, त्याला चांदीचे डोळे लावले होते. खाचांत तांदूळ, हळद, बांगड्यांचे तुकडे. मयूरीनं आवाज खाली आणला आणि सांगायला लागली: सात भाऊ होते, शत्रू नदीपलीकडं आला, सातांनी या शिळेवर तलवारींना धार लावली, एकही परतला नाही, त्यांच्या सात बायका इथंच थांबून राहिल्या. बाया हळहळल्या. एकीनं नारळ वाढवला. तेव्हा सिंधुबाई मागून बोलली, आणि तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला. "तलवारना नहीत ते. दोरना शेतस. हिरीना काठ शे हाऊ. बायासनी पानी ओढं तेन्ह्या खाचा शेतस."

सगळे वळले. मयूरी हसली, पण नीट हसली, वाईट पोरगी नव्हती ती. "आजी, असंही काही लोक म्हणतात." "लोक नही, मी म्हणस. सव्वीस वरीस पानी ओढं मी याले." हेमकांत सर खाकरले. "सिंधुताई, विहिरीच्या काठाला कोणी शेंदूर लावतं का?" त्यांचा आवाज वर्गातला होता, चुकीचं उत्तर दिलेल्या पोराला बसवतानाचा. "मी लावा," ती म्हणाली. "ठेकेदार खडी करी ऱ्हायंता. मी तेलमा कालवीसन लावा, मन्हा हातवरी." कोणीतरी फुसकन हसलं. नारळ वाढवणाऱ्या बाईच्या हातात अजून खोबरं होतं, ती म्हणाली, "आजी, देवाच्या दारात असं बोलू नये." आणि मग जे व्हायचं ते झालं. मयूरीची नजर तिच्या चेहऱ्यावरून खाली घसरली, पदरातून बाहेर आलेल्या कार्डावर गेली, तिथं थांबली, वाचून वर आली, आणि वर आली तेव्हा ती नजर वेगळी होती, मऊ, ओली, उपयोग नसलेली. "हो आजी," ती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं," आणि तिनं खिशातून फोन काढला. सिंधुबाईला ते दिसलं. आत्ता नवनीतला फोन जाईल, काही नाही सर, जरा गोंधळल्यात, आणि उद्या सकाळी चारुलता दाराची चावीही काढून ठेवील. एवढं एक वाक्य, अख्खा दिवस ओठांत धरून आणलेलं, शब्द पुरा व्हायच्या आधीच पहिलं अक्षर पळून जावं तसं वाया गेलं.

तिनं कठड्याचं फाटक लोटलं. कोणीतरी "अहो आजी, आत नाही" म्हटलं, तोवर ती दगडापाशी बसली होती. शेंदूर मऊ होता, नखात गेला. तिनं पहिलीपासून सुरुवात केली नाही, सरळ टोकाला गेली, सहावीला. बोटं आत गेली. वरचा थर खरवडला तसा खालचा दगड लागला, गार, गुळगुळीत. आपली. तीच. मग अंगठा काठाकडं सरकला आणि एका बारक्या खळीत पडला. सहावीच्याही पलीकडं, अगदी कडेला, नखभर खोल. सातवी. तिथं कोणाचा मान नव्हता. तिथं दगड निसरडा होता, उभं राहायला जागा नव्हती, आणि तिथं अंगठा पडताच तो दुपारचा वास परत आला, घामाचा, मोहाच्या तेलाचा, आणि सगळं दिसलं.

सालदार दगाची बायको. डोंगरातून आणलेली, धडगावकडून कुठूनतरी. तिला विहिरीवर दोर टाकायला मनाई होती. ती घडा घेऊन खाली उभी राहायची आणि टोकाच्या घरच्या सुनेनं, म्हणजे सिंधुबाईनं, वरून ओतायचं, असा नियम. सिंधुबाई ओतायची, पण आपलं सगळं भरून झाल्यावर, बेबीबाईशी बोलून झाल्यावर. "थांब ना वो, मन्हा हात काय भाडाना शेतस?" सगळ्या हसायच्या. ती थांबायची. मग एका उन्हाळ्यात, भर दुपारी, सिंधुबाई काठावर विसरलेलं विळाखुरपं आणायला परत गेली, आणि ती तिथं होती, निसरड्या कडेवर पाय रोवून, स्वतःचा दोर टाकून पाणी ओढत. दोघींची नजर भेटली. बादली अर्ध्यात होती. तिनं दोर सोडला नाही. सिंधुबाई ओरडली नाही. विळाखुरपं न घेता मागं फिरली आणि घरी जाऊन पाणी प्यायली. कोणाला बोलली नाही, आणि न बोलल्याबद्दल स्वतःला फार मोठ्या मनाची समजत राहिली, किती वर्षं. दुसऱ्या सकाळी ती पुन्हा घडा घेऊन खाली उभी, सिंधुबाईनं पुन्हा थांबवलं, तिनं पुन्हा वाट पाहिली, जणू दुपार झालीच नव्हती. अशी अकरा वर्षं. सकाळी ओतलेलं पाणी आणि दुपारी ओढलेलं पाणी. त्या दुपारच्या पाण्याची ही खळी. आणखी एक आठवलं. बैलगाडीतून दगड उतरवला त्या संध्याकाळी दगा घाम पुसत होता, सिंधुबाई म्हणत होती, हे आता कसं वाचवायचं, आणि गाडीच्या मागून आवाज आला होता. "बाई, शेंदूर लाई द्या. मंग कोनी हात लावाव नही." ती म्हणाली होती. हात न लावणं कसं असतं ते तिच्याइतकं त्या गावात कोणाला माहीत होतं? आणि सिंधुबाई इतकी वर्षं ती आपली अक्कल म्हणून सांगत आली होती. अंगठा त्या खळीत ठेवूनच तिनं नाव शोधलं. दगानी बायको. दगानी. वो दगानी, घडा पुढं कर. सासू म्हणायची, त्यांची नावं आपल्या जिभेला येत नाहीत. कोणता पाडा? नाही. पोरं किती? दोन की तीन. नाव? विहिरीत वाकून बघावं तसं तिनं पाहिलं, आत काहीच हललं नाही.

ती उठली तेव्हा हात कोपरापर्यंत लाल झाले होते. मयूरीच्या हातात फोन तसाच होता, लावलेला नव्हता. "पेन शे का?" सिंधुबाईनं विचारलं. "काय?" "पेन. लिखावानं." मयूरीनं पेन दिला, द्यायचा म्हणून. सिंधुबाईनं गळ्यातून फीत काढली, कार्ड उलटं केलं, मागची बाजू पांढरी कोरी होती. देवळाच्या पायरीवर बसून मांडीवर धरलं आणि लिहायला लागली. पहिला क काढायला बराच वेळ गेला. तिकडं गोपालनं हॉर्न दिला. लोक घड्याळं बघू लागले, कोणी बसमध्ये जाऊन बसलं, कोणी परत आलं. "आजी, मी लिहून देते ना, सांगा तुम्ही," मयूरी म्हणाली. "तू सांगी टाकं तुन्हं," सिंधुबाई म्हणाली, "आते मन्ह लिखू दे." झेलाबाईचा झ उलटा पडला, हेमकांत सर वाकून म्हणाले, "तसा नव्हे, गाठ अलीकडून," आणि मग स्वतःच थबकले. तिला वाचता-लिहिता येतं हे त्यांच्या डोक्यात हळूहळू शिरत होतं, आणि त्याबरोबर दुसरंही, की मग तिनं पुढची बाजूही वाचली असणार. ते सरळ उभे राहिले आणि चष्मा पुसायला लागले. मयूरीनंही फोन खिशात ठेवला. तिचे कान लाल झाले होते. हॉर्न पुन्हा वाजला. कोणी "चला" म्हणालं नाही.

अर्ध्या तासानं सिंधुबाईनं कार्ड मयूरीच्या हातात दिलं. वेड्यावाकड्या, शेंदराचे ठसे पडलेल्या सहा ओळी, एकाखाली एक, एक ते सहा, आणि सहाव्या ओळीत तिचं स्वतःचं नाव, बाईविना, नुसतं सिंधु. खाली सातचा आकडा, त्याच्यापुढं काही नाही. मयूरीनं वाचलं, बोट सातवर आलं, आणि तिचा आवाज नकळत पुन्हा तसाच मऊ झाला. "सातवं आठवत नाही का आजी? असू द्या. होतं असं."

"इसरनी नही मी," सिंधुबाई म्हणाली. भांडायला तोंड उघडलं होतं, पण शब्द हळू निघाले. "इसरासाठी पहिले माहीत व्हवाले जोयजे. तिनी अकरा वरीस मन्हा शेजारे पानी काढं. मी नावच नही इचारं."

मयूरी 'हो' म्हणाली नाही. तिनं कार्ड परत दिलं आणि दोघी बसकडं चालत गेल्या. पायरीवर चढताना गोपालनं हात पुढं केला, सिंधुबाईनं तो धरला नाही. जागेवर बसून तिनं फीत पुन्हा गळ्यात घातली, मागची बाजू पुढं करून. बस हलली तसं कार्ड गळ्यात फिरायला लागलं, कधी ही बाजू, कधी ती. प्रकाशाच्या पुलावर आल्यावर तिनं ते धरून ठेवलं, लाल अंगठा सातच्या पुढच्या कोऱ्या जागेवर दाबून, आणि नंदुरबार येईपर्यंत काढला नाही.